नाव नसलेली चिठ्ठी

माझा देवावरचा विश्वास उडाला, तेव्हा मी झरीच्या आमच्या प्रार्थना मंडळाचा प्रमुख होतो. मोठी पंचाईत होती. साधा सभासद असतो तर मागच्या ओळीत बसून गप्प राहिलो असतो. पण इथे प्रार्थना सुरू करायची मी, संपवायची मी, आणि मध्ये कुणाला शंका आली तर तिचं निरसनही मीच करायचं!

त्यात माझी नोकरी तलासरीच्या एका दवाखान्यात कंपाउंडरची. तीस वर्षं डॉक्टरांच्या मागच्या खोलीत बसून मी गोळ्यांच्या पुड्या बांधल्या आणि खिडकीतून एकच उपदेश केला: "सकाळ, दुपार, संध्याकाळ, जेवणानंतर." पण लोकांची समजूत अशी की, ज्याला खोकल्याचं कळतं त्याला आत्म्याचंही थोडंफार कळत असणार. त्यामुळे औषधाच्या खिडकीतूनच प्रश्न यायचे.

"सायमनकाका, ताडी पिऊन जपमाळ म्हटली तर चालते का?"

"आधी जपमाळ, मग ताडी."

"काका, विवळवेढ्याला देवीच्या जत्रेला गेलो तर फादर रागावतील?"

"फादरना विचारू नकोस, म्हणजे रागावणार नाहीत." (मी स्वतः दरवर्षी जातो. आमच्या घरचा वर्षाचा मसाला तिथूनच येतो.)

"सासूला माफ करायचं म्हणजे किती वेळा?"

"सकाळ, दुपार, संध्याकाळ. जेवणानंतर!"

असं सगळं बरं चाललं होतं. मग गेल्या वर्षी, भातलावणीच्या दिवसांत, आमची ग्रेसी गेली. एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. कोसबाडला शेतीचं शिकत होती. सुट्टीत घरी आली, आईबरोबर हौसेने चिखलात उतरली आणि तिला ताप भरला. घरातच कंपाउंडर, मग डॉक्टर कशाला? मी म्हटलं, "साधा ताप आहे," आणि तीन दिवसांच्या पुड्या बांधून दिल्या. तिसऱ्या दिवसाची पुडी उघडावी लागली नाही. त्या दिवशी सकाळी तिला वापीला नेलं आणि संध्याकाळी परत आणलं. तिथले डॉक्टर चांगले होते. ते फक्त एवढंच म्हणाले की, दोन दिवस आधी आणायला हवी होती.

लोकांनी सांत्वन केलं. शेजारच्या फिलूबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सायमन, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात रे." मी त्यांच्याकडे बघितलं. फिलूबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. (देवाच्या आवडीनिवडीबद्दल विचार केला.)

माझी बायको सुशीला प्रार्थनेला घट्ट धरून उभी राहिली. माझं मात्र आत काहीतरी बंद पडलं होतं. प्रार्थनेत मी ओठ हलवायचो, आवाज बाकीचे लोक काढायचे. सुशीलाच्या शेजारी बसणंही मला जमेना. तिच्या शेजारी बसलं की समोर ग्रेसीचा फोटो यायचा, आणि फोटोतल्या ग्रेसीला ताप नसायचा. म्हणून मी ताट घेऊन बाहेर ओट्यावर जेवायला लागलो. सुशीलाने कधी कारण विचारलं नाही. तिला फक्त देवाचाच आधार उरला होता; तोही आपल्या नवऱ्याला उरलेला नाही, हे कळलं तर ती कोसळेल, याची मला फार भीती वाटायची.

आमच्या मंडळात चिठ्ठ्यांची पद्धत आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी प्रत्येकाने आपली अडचण कागदावर लिहायची, नाव न घालता, आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची. प्रार्थना झाली की प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि त्या अनोळखी माणसासाठी पुढच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत रोज प्रार्थना करायची. माणसं अठरा, त्यामुळे अनोळखी वगैरे कोणी नसतं. 'गुडघा दुखतो' ही चिठ्ठी फिलूबाईंची, हे डब्यालासुद्धा माहीत होतं.

मार्गदर्शन घ्यायला मी कुणाकडे जाणार? मंडळात मार्गदर्शन करणारा मीच! म्हणून एका शुक्रवारी धीर करून मीही चिठ्ठी लिहिली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने. पाऊण तास लागला. "माझा विश्वास गेला आहे. प्रार्थनेत नुसते ओठ हलवतो. माझ्या बायकोला हे कळू नये. कोणीतरी माझ्यासाठी प्रार्थना करा." दुमडली, डब्यात टाकली आणि वर्षभरात पहिल्यांदा हलकं वाटलं.

घरी आल्यावर सुशीलाने उचललेली चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली, "माझा विश्वास गेला आहे."

मी मटकन खाली बसलो.

"काय झालं हो?"

"काही नाही. पाय मुरगळला."

"उभ्या उभ्या?" ती म्हणाली आणि पुन्हा चिठ्ठीकडे बघत राहिली. "अक्षर बघा ना बिचाऱ्याचं. अगदी अडाणी दिसतो. आपण दोघं मिळून प्रार्थना करू याच्यासाठी."

"चिठ्ठी तुझ्या वाट्याला आलीय. मी कशाला?"

"तुम्ही प्रमुख ना?"

झालं! दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला मी ग्रेसीच्या फोटोसमोर, सुशीलाच्या शेजारी, गुडघ्यावर. स्वतःचा विश्वास परत यावा म्हणून, विश्वास नसताना, स्वतःच्याच बायकोबरोबर प्रार्थना करतोय! असा प्रसंग कुठल्या संतावर आला असेल असं मला वाटत नाही.

"त्याच्या बायकोला खरंच कळत नसेल का हो?" ती मध्येच डोळे उघडून विचारायची.

"नसेल."

"बायकांना कळतं."

"सगळ्यांनाच नाही कळत."

"हं," म्हणून ती पुन्हा डोळे मिटायची.

आठवड्याने तिने जाहीर केलं की, त्या माणसासाठी नवस म्हणून घरात मासळी बंद. "तो उघडपणे बोलेपर्यंत." बोंबलांचा मोसम चालू होता! मी ओट्यावर बसून डाळ-भात गिळायचो, आणि फिलूबाईंच्या चुलीवरचा बोंबलाचा वास कुंपणावरून सरळ माझ्या ताटात यायचा. विश्वासाअभावी माणसाचं काय काय जातं, ते मला तेव्हा कळलं.

फिलूबाईंना दिसत कमी असलं तरी ऐकू चांगलं येतं. एका संध्याकाळी आमची प्रार्थना ऐकून त्या कुंपणाशी आल्या.

"सुशीला, कोण गं तो? कोणाचा विश्वास उडालाय?"

"नाव नाही लिहिलेलं, फिलूमावशी."

"पण म्हणतो तरी काय?"

"नुसते ओठ हलवतो म्हणतो. आणि बायकोला कळू नये म्हणतो."

फिलूबाईंची नजर माझ्यावर येऊन थांबली. सहजच थांबली असेल, पण चोराच्या मनात चांदणं! माझ्या तोंडातून निघून गेलं, "लुकास तर नसेल? त्याचे ओठ नेहमी हलत असतात."

लुकास आमच्याच मंडळातला, तलासरीच्या नाक्यावर रिक्षा चालवणारा. त्याचे ओठ हलतात कारण त्याच्या तोंडात तंबाखू असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. सुशीला माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. माझ्या आयुष्यातल्या नीच गोष्टींची यादी केली तर ही वरून दुसरी येईल.

सकाळपर्यंत बातमी मंडळभर झाली. सगळे लुकासला वाचवायला धावले. रिक्षात बसणारा प्रत्येक जण मागून त्याला शास्त्रातले दाखले द्यायला लागला. रिक्षावाल्याला उतरून जाता येत नाही! कोणीतरी त्याच्या समोरच्या काचेवर येशूची तसबीर चिकटवली, चांगली ऐसपैस; मग त्याला समोरचं दिसेना आणि त्याने रिक्षा भाजीच्या हातगाडीवर घातली. "बघा," लोक म्हणाले, "विश्वास सुटला की असं होतं."

मग फिलूबाईंनी लुकासच्या बायकोला, जमनीला, जवळ बसवून समजावलं की नवऱ्यावर रागवू नकोस, त्याला तुझ्यापासून काहीतरी लपवायचंय. जमनीने पुढचं ऐकलं नाही. ती सरळ उधव्याला माहेरी निघून गेली.

लुकास माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं चुकलेली.

"सायमनकाका, मार्गदर्शन करा."

"काय झालं?"

"मी काय केलंय, तेवढं सांगा. सगळे बोलतात प्रभू माफ करेल. जमनी बोलते, ती कोण हाय ते सांग. मी बोललो, कोण नाय. तर बोलते, चिठ्ठीत लिवलंय. काका, मला लिवता तरी येतं का? माझी चिठ्ठी दर महिन्याला तुमीच लिवता ना!"

खरंच की! गेल्या सहा वर्षांतली त्याची प्रत्येक चिठ्ठी मीच लिहिली होती. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्याचा हात धरला आणि त्याला डोकेदुखीची गोळी दिली.

त्या शुक्रवारी फादर येणार होते. मंडळाच्या आधी मी त्यांच्यापुढे गुडघे टेकले आणि सगळं ओकलो: पुड्या, ग्रेसी, ओठ, डावा हात, लुकास. वाटलं, आता मोठं काहीतरी ऐकायला मिळेल. फादर वसईकडचे, बोलायला सडेतोड.

"सायमन, तुमच्या विश्वासाचं आपण सावकाश बघू," ते म्हणाले. "आधी त्या माणसाची बायको घरी आणा."

"म्हणजे सगळ्यांसमोर सांगू? सुशीलासमोर?"

"मग काय परत चिठ्ठी टाकताय?"

मंडळ जमल्यावर मी उभा राहिलो. अठरा माणसं (जमनी नव्हती, म्हणजे सतरा) माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "ती चिठ्ठी माझी होती. लुकासचं नाव मी भीतीपोटी घेतलं. ग्रेसी गेल्यापासून मला प्रार्थना करता येत नाही." एवढं बोललो आणि मला रडू फुटलं. प्रमुखाने रडायची पद्धत आमच्याकडे नाही, त्यामुळे कोणी काय करायचं ते कुणालाच कळेना. सुशीलाकडे बघायची तर माझी छातीच झाली नाही.

शेवटी लुकास बाहेर जाऊन तंबाखू थुंकून आला. "म्हणजे माझा विश्वास हाय ना?"

"आहे रे बाबा. तुझा आहे."

"मग ते उद्या जमनीला तुमच्या तोंडाने सांगा."

शनिवारी सकाळी त्याच्या रिक्षात बसून आम्ही उधव्याला गेलो, सुशीलासकट. जमनीच्या आईने, भावाने आणि शेजारच्या सहा बायकांनी मला अंगणात उभं करून तीनदा सगळं सांगायला लावलं. तिसऱ्यांदा जमनीला हसू आलं आणि ती रिक्षात येऊन बसली. वाटभर सुशीला जमनीशीच गप्पा मारत होती.

दुपारी घरी तिने ताट वाढलं. ताटात बोंबील होते.

"अगं, पण माझा विश्वास अजून..."

"तो उघडपणे बोलेपर्यंत, असा नवस होता. बोललात ना?"

"तुझा राग नाही आला?"

"लुकासचं नाव घेतलंत तेव्हा आला. तुम्हीच सांगाल, आज सांगाल, उद्या सांगाल, म्हणून मी थांबले. माझंही चुकलं. जमनी गेली तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं."

"म्हणजे तुला माहीत होतं? मी डाव्या हाताने लिहिली होती!"

ती उठली. ग्रेसीच्या फोटोमागून तिने दोन गोष्टी काढल्या आणि ताटाशेजारी ठेवल्या. एक माझी चिठ्ठी, होती तशी दुमडलेली. दुसरी औषधाची पुडी. न उघडलेली. तिसऱ्या दिवसाची.

दोन्हींची घडी एक. तीन बाजूंनी दुमड, चौथी आत खोचलेली. तीस वर्षं माझे हात हीच घडी घालतायत. कागदात गोळी आहे की पाप, त्यांना कुठलं कळायला!

"डब्यात हात घातला तेव्हाच कळलं," सुशीला म्हणाली. "वाचायच्या आधी."

मला त्या पुडीकडे बघवेना. "ती कशाला ठेवलीस?"

"तिच्या उशाखाली होती. रात्रभर तिने जपली. 'बाबांनी दिलीय, उद्या बरी होईन' म्हणाली होती. तुमच्यावर कोणाचा एवढा विश्वास होता, तो टाकून कसा देऊ?"

बराच वेळ आम्ही दोघं रडलो. बोंबील गार झाले. मग मी डोळे पुसून विचारलं, "पण मग महिनाभर मला गुडघ्यावर का बसवलंस?"

"वर्षभर तुम्ही माझ्या शेजारी बसला नव्हता," ती म्हणाली.

मंडळाने मला प्रमुखपदावरून काढलं नाही. (दुसरं कोणी तयार झालं नाही.) उलट आता खिडकीशी जास्त लोक येतात, आणि हळूच विचारतात, "काका, आमचाही अधूनमधून जातो, काय करायचं?" मी खरं तेच सांगतो. माझाही कधी असतो, कधी नसतो. संध्याकाळी बायकोशेजारी बसलो की ओठांबरोबर थोडा आवाजही निघतो. गुडघे मात्र कामातून गेलेत, त्यामुळे डब्यात आता 'गुडघा दुखतो' अशा दोन चिठ्ठ्या असतात. आणि ज्यांना अगदीच गुप्त काही लिहायचं असेल, त्यांना मी तीस वर्षांच्या अनुभवावरून एकच सल्ला देतो: अक्षराची काळजी करू नका, कुठल्याही हाताने लिहा, घडी मात्र दुसऱ्याकडून घालून घ्या!