रुईच्या पानाखाली

बीडला आमच्या कॉलनीमागं एक मोकळा प्लॉट आहे. मारुतीच्या माळेसाठी दर शनिवारी सकाळी मी तिथं रुईची पानं तोडायला जायचो. तिथंच ती दिसायची. तिशीची, ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळून झुडपापुढं उकिडवी बसलेली. शहरातल्या किड्यांचा आणि फुलपाखरांचा अभ्यास करते, एवढंच कळलं होतं. झोपलेल्या लेकराचं पांघरूण उचलावं तसं ती एकेक पान उलटून बघायची.

एकदा मी अख्खी फांदीच ओढली. ती हसून म्हणाली, "काका, पानं न्या की. पण आधी खाली बघा. कुणी जेवत असंल, तर ताटावरून उठवू नका."

पानाखाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी निवांत खात होती. हिला रुईच लागते, हिचंच पुढं फुलपाखरू होतं, असं तिनं सांगितलं.

पुढं कॉलनीच्या बैठकीत प्लॉट जेसीबीनं साफ करायची गोष्ट निघाली. "लई रान माजलंय तिथं," अध्यक्ष म्हणाले. मी तिचंच वाक्य माझं म्हणून बोललो. जेवणाऱ्याला उठवा, असं म्हणायला कुणीच धजावलं नाही. रुई वाचली आणि फुलपाखरं वाढली तसा माझा सत्कार झाला.

तेव्हा ती मागं उभी होती. शब्द तिचे होते, हे मी सांगितलं नाही, आज सांगतो. तिनं मात्र मनापासून टाळ्या वाजवल्या आणि चहालाही न थांबता प्लॉटाकडं निघून गेली. तिथल्या एका कोशातून फुलपाखरू बाहेर यायचं होतं.