वसुधा मिसच्या नावाचा करंडक

शाळेतल्या शिक्षिकेशी लग्न केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते संध्याकाळी साडेचारला पर्स, छत्री आणि तपासायच्या वह्यांबरोबर आपले आपण घरी येतात. चहा होईपर्यंत दोन सांगून होतात, तिसरा जेवताना. वसुधा बावीस वर्षं दक्षिण कोलकात्यातल्या एका प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवत होती. मी एकही किस्सा लिहून ठेवला नाही. सांगणारी घरातच आहे, मग घाई कसली, असं वाटायचं.

मागच्या पावसाळ्यात ती गेली.

किस्से मात्र थांबले नाहीत. शाळेचं चार पानी बातमीपत्र दर महिन्याला निघतं, इंग्रजीत. त्याचं प्रूफ वसुधा घरी आणायची आणि मी तपासायचो, कारण एस्प्लनेडच्या ऑफिसात मी दिवसभर इंग्रजी पत्रंच तपासतो. ती गेल्यावरही महिन्याच्या शेवटी तिच्या ईमेलवर पीडीएफ येत राहिली. आता पाठवायला नको, हे शाळेत कोणाच्या लक्षात आलं नाही. मीही सांगितलं नाही.

फेब्रुवारीच्या पीडीएफमध्ये पहिल्याच पानावर एक चौकट होती. वार्षिक परीक्षेनंतरच्या सुट्टीत जे मूल सर्वांत जास्त 'बिझी' राहील, त्याला या वर्षीपासून 'वसुधा मिस स्मृती करंडक' मिळणार होता. मी तिच्या नावाचं स्पेलिंग तपासलं. ते बरोबर होतं. बाकी सगळं चूक होतं.

*

चूक का, ते सांगतो.

आमच्याकडे मार्चमध्ये परीक्षा संपते आणि एप्रिलमध्ये नवा वर्ग सुरू होतो. मधले बारा-पंधरा दिवस सुट्टी. हवा अजून बरी असते, रस्त्यावर सावरीची लाल फुलं पडलेली असतात. वसुधाच्या मते हे दिवस मुलांना कोणी काही न सांगण्याचे होते. ती साताऱ्याकडची. "परीक्षा संपली की आई आम्हाला घराबाहेर काढायची आणि दिवेलागणीला आत घ्यायची," ती सांगायची. "मधे काय केलं हे तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आम्हालाही सांगता आलं नसतं."

ज्यांचे आई-बाबा दोघंही नोकरीला, अशी तिच्या वर्गातली पाच-सहा मुलं दर वर्षी या सुट्टीत दुपारी आमच्या गच्चीवर यायची. कार्यक्रम काही नसायचा. ती टाकीच्या सावलीत चटई टाकून आपलं काम करत बसायची. एखादं मूल येऊन म्हणायचं, "मिस, बोर होतंय."

"हो? मग थोडा वेळ हो," वसुधा म्हणायची.

*

शाळेला मात्र सुट्टीची भीती वाटायची. एका वर्षी चौथीला सुट्टीचा प्रोजेक्ट दिला: काडेपेटीच्या काड्यांचा हावडा ब्रिज. सुट्टी संपली आणि वर्गात छत्तीस ब्रिज आले. छत्तीसच्या छत्तीस सारखे. त्याच निळ्या पुठ्ठ्यावर, तेच कापसाचे ढग, तीच नदीत उलटी चिकटवलेली बोट. गडियाहाटच्या एका स्टेशनरीवाल्याने तयार करून ठेवले होते आणि खाली मुलाच्या नावाची जागा तेवढी मोकळी सोडली होती.

चौथीच्या बाईंनी मुकाट्याने मार्क दिले. दुसऱ्या दिवशी एक वडील तावातावाने आले. "माझ्या मुलाला सात आणि शेजारच्या मुलीला नऊ? ब्रिज एकाच दुकानातला आहे."

हे ते लपवत नव्हते. तोच त्यांचा मुद्दा होता.

वसुधाला त्या वडिलांचा राग आला नाही. त्यांचं ऐकून बाईंनी मार्क वाढवून दिले, याचा आला.

*

नंतर शाळेने पालकांकडून सुट्टीचं वेळापत्रकच मागवायला सुरुवात केली. तपासायचं काम को-ऑर्डिनेटर सुदेष्णा मॅडमचं. बाई कष्टाळू, पण रिकामा चौकोन दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा. एका मुलाच्या आईने वेळापत्रक पाठवलं: सकाळी सहाला पोहणं, आठला अ‍ॅबॅकस, दहाला चित्रकला, दुपारी हस्ताक्षर, चारला कराटे, संध्याकाळी सहाला गाण्याची शिकवणी. मधे साडेपाच ते पावणेसहा एक चौकोन उरला होता, त्यात आईने लिहिलं होतं: 'खेळणं'.

सुदेष्णा मॅडमनी त्यावर लाल शाईने शेरा दिला: 'कृपया तपशील द्यावा.'

*

आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबातली मुलगी वसुधाच्या वर्गात होती. वडील कस्टम्समध्ये, बदलीवर आलेले, ऑफिस खिदिरपूरला. सुट्टीत एक दिवस ते मुलीला गोदीजवळ घेऊन गेले. नदीकाठी दोघं दोन तास बसले, एक जहाज निघालं ते बघितलं आणि घरी आले. मुलीने सुट्टीच्या वहीत इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या: 'आम्ही जहाज बघितलं. ते हळूहळू गेलं. मग आम्ही पण हळूहळू घरी गेलो.'

सुट्टीच्या वह्या सुदेष्णा मॅडमकडे जायच्या. शेरा आला: 'यातून काय शिकलीस?'

मुलीने त्याखाली लिहिलं: 'हळूहळू.'

वसुधाने ते पान बातमीपत्रासाठी दिलं. त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं लिखाण आहे, अशी चिठ्ठी वर चिकटवली. छापलं नाही. जागा नव्हती म्हणे. त्या जागी रोबोटिक्स कॅम्पचा फोटो आला. त्यात रोबो होता, कॅम्पचे सर होते, आणि मुलं मागे उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. खालची ओळ मीच तपासली होती: 'स्वतःच्या हाताने शिकण्याचा आनंद.' त्यात स्पेलिंगची चूक नव्हती, म्हणून मला काही करता आलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

*

होळीचा किस्सा लहान आहे. इकडे ती दोल. दोलची सुट्टी मंगळवारी होती आणि 'आम्ही पर्यावरणपूरक दोल कशी खेळलो' हा निबंध आदल्या शुक्रवारीच द्यायचा होता, कारण बातमीपत्र सोमवारी छापायला जायचं होतं. सगळ्या मुलांनी दिला. न खेळलेल्या दोलमध्ये सगळ्यांनी पाणी वाचवलं होतं. एकाने विचारलं, "मिस, मग आता खरी खेळताना काय करायचं?"

"जे लिहिलं नाहीस ते," वसुधा म्हणाली. यावरून तिला ऑफिसात बोलावणं आलं होतं.

*

आता करंडकाकडे येतो.

मार्चमध्ये मी अर्धा दिवस रजा टाकून मुख्याध्यापिकांना भेटायला गेलो. बाई माझ्याच वयाच्या. बोलायला फार मऊ. त्यांनी उठून स्वागत केलं आणि चहा मागवला. करंडक टेबलावर तयारच होता: पितळी घड्याळ आणि त्याच्या काट्यावरून धावणारं एक मूल. खाली वसुधाचं नाव कोरलेलं.

"सगळ्या स्टाफची इच्छा होती," त्या म्हणाल्या. "सुट्टीतसुद्धा मुलांना गुंतवून ठेवणाऱ्या आमच्याकडे त्या एकट्याच. मुलं तुमच्या घरी यायची ना?"

बावीस वर्षं ही माणसं तिच्याबरोबर डबा खात होती.

"यायची," मी म्हणालो. "पण ती त्यांना गुंतवत नव्हती."

"मग काय करून घ्यायच्या?"

"काही नाही."

"म्हणजे ओपन-एंडेड अ‍ॅक्टिव्हिटी."

"नाही. काही नाही."

त्यांनी मान डोलावली आणि पॅडवर एक शब्द लिहून घेतला. मला तो उलटा दिसत होता, पण प्रूफं तपासणाऱ्याला उलटं वाचता येतं. 'माइंडफुलनेस.'

मी स्पष्ट सांगितलं की यावरून तिचं नाव काढा. त्यांना खरंच वाईट वाटलं. "बातमीपत्र घरोघरी गेलंय. आता नाव काढलं तर लोक विचारतील की मिसनी असं काय केलं होतं. ते तुम्हाला चालेल?"

चाललं नसतं. ते त्यांनाही माहीत होतं.

मग मी एकच अट घातली. ज्या मुलाला करंडक मिळेल, त्याने तो घ्यायला आमच्या गच्चीवर यायचं. दुपारी दोन ते पाच. एकटं. बॅनर नाही, भाषण नाही, फोटोग्राफर नाही. त्यांना ती कल्पना आवडली. "आणि या तीन तासांचा प्रोग्रॅम मला ईमेल करा," त्या म्हणाल्या, "बातमीपत्रात घालू."

मी ईमेल केला नाही.

*

करंडक तोर्षाला मिळाला. नुकतीच दुसरी पास झालेली, म्हणजे जून-जुलैपर्यंत वसुधाच्याच वर्गात होती. दहा दिवसांत त्रेचाळीस अ‍ॅक्टिव्हिटी, प्रत्येकीचा फोटो, प्रत्येक पानावर आईची सही. वडिलांची नोकरी बराकपूरला, ते रात्रीच घरी येणार. तेव्हा त्रेचाळीस ठिकाणी नेणारी आणि आणणारी आईच.

बरोबर दोनला दोघी आल्या. तोर्षाच्या पाठीवर सॅक होती. त्यात टोपी, पाण्याची बाटली, रंगपेटी, कराटेचा पट्टा.

"दादा, काय लागेल ते माहीत नव्हतं, म्हणून सगळंच आणलंय," आई म्हणाली.

"काही लागणार नाही. पाचला या."

आई जिना अर्धा उतरून पुन्हा वर आली. "तिला मधे मधे सांगावं लागतं, नाहीतर ती नुसती बसून राहते."

"बसू दे," मी म्हणालो.

गच्चीवर टाकीच्या सावलीत मी चटई टाकली होती; शाळेने पाठवलेला करंडक खाली घरातच होता. तोर्षा उन्हात उभी राहिली. "अंकल, आधी काय करायचं?"

"काही नाही."

"आणि त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतरचंही काही ठरलेलं नाही."

तिने घड्याळ बघितलं. मग कठड्यापाशी गेली, परत आली. पुन्हा घड्याळ बघितलं. पाच मिनिटांनी विचारलं, "झालं?" दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. अर्ध्या तासाने विचारायचं थांबली.

"मिस कुठे बसायच्या?"

मी चटईची टाकीकडची बाजू दाखवली. तिने बूट काढले, मोजे काढून बुटात नीट कोंबले आणि त्या जागी जाऊन बसली. पलीकडच्या गच्चीवर कोणी साड्या वाळत घालत होतं, ते बघत राहिली. मी माझं प्रूफ काढलं.

"मिस बोलायच्या का मधे मधे?"

"कोणी विचारलं तर."

थोड्या वेळाने मी मान वर केली, तर ती हातावर डोकं ठेवून आडवी झालेली. डोळे उघडे होते. नंतर बघितलं, तेव्हा मिटले होते.

आई पावणेपाचलाच आली. जिन्यावरून आवाज देत येत होती, "तोर्षा, आवर, साडेपाचचं गाणं आहे." गच्चीच्या दारात आली आणि थांबली. मी ओठांवर बोट ठेवलं.

ती लेकीकडे बघत उभी राहिली. मग चपला काढून दारातच बसली.

"ही दुपारची झोपत नाही, दादा," ती हळूच म्हणाली. "दोन वर्षांची होती तेव्हापासून नाही." मग म्हणाली, "करंडक मिळाल्यावर मिसना बरं वाटलं असतं, असं मला वाटत होतं."

मी घरातून पाण्याचा पेला आणून तिच्या हातात दिला.

पाच वाजून गेले. सवापाच झाले. ऊन टाकीवरून उतरलं. तोर्षा हलली नाही आणि आईनेही तिला उठवलं नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुदेष्णा मॅडम. बातमीपत्र सोमवारी छापायला जायचं होतं. "सर, फोटो नाही म्हणालात, ठीक आहे. निदान एक ओळ तरी द्या. मूल आत्ता नेमकं काय करतंय?"

आवाज आईपर्यंत गेला असावा. तिने हात पुढे केला आणि मी फोन दिला.

"मी तोर्षाची आई बोलतेय," ती अगदी हळू म्हणाली. "ती झोपलीय. हो, झोपलीय. नाही, मी उठवणार नाही. छापायचं असेल तर एवढंच छापा."