लुगड्याखालचा वेल

एप्रिल लागला की मला फोन येतात. गच्चीवर झाडं लावलेली मंडळी विचारतात, वेलाला फुलं भरपूर येतात पण फळ काही धरत नाही, काय घालू? शेणखत घालून झालेलं असतं, ताक ओतून झालेलं असतं, कुणीतरी सांगितलं म्हणून अंड्याची टरफलंही पुरून झालेली असतात. मी विचारते, वर काय बांधलंय? हिरवी जाळी, म्हणतात, चारी बाजूंनी गच्च. ऊन फार आहे ना. नागपुरात जन्म काढलेल्या बाईला हे सांगतात. मी म्हणते, सकाळी तेवढी उघडत जा, आणि फोन ठेवते. त्यांना वाटतं बाई तुसडी आहे. आहेच. पण त्या गच्च बांधलेल्या जाळीचं नाव निघालं की मला एक फिकट निळं लुगडं दिसायला लागतं आणि पुढचं बोलणं जमत नाही.

ते लुगडं माझ्या मावशीचं. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही तेव्हा सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बैठ्या घरांची ओळ, प्रत्येक घरामागे बेताचं अंगण, आणि दोन अंगणांच्या मधे मेंदीचं कुंपण. वडील कचेरीत कारकून होते. माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी आईला दिवस गेले होते. मधलं एक टिकलं नव्हतं, म्हणून घरात सगळे जपून बोलायचे, जपून चालायचे. आईची मोठी बहीण बाळंतपणासाठी उमरेडकडच्या गावाहून आधीच येऊन राहिली होती.

मावशी लहान वयात विधवा झालेली. मूलबाळ नाही. सासरच्या वावरात वेल लावायचे ते तिनंच, कारण तिच्या हाताचं बी वाया जात नाही असं सगळं गाव म्हणायचं. मात्र घरात बारसं असलं की तिला मागच्या दारी काहीतरी काम निघायचं. हात सगळ्यांना हवा होता, नजर कुणाला नको होती. हे मला पुष्कळ नंतर समजलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की आमच्याकडे आलेली ही बाई घरात पाहुण्यासारखी अवघडते आणि अंगणात गेली की मोकळी होते.

येताना तिनं पदराच्या गाठीत कोहळ्याचं बी आणलं होतं. लाल भोपळ्याला आम्ही कोहळं म्हणतो. शिवरात्रीच्या आधी तिनं अंगणात खड्डा खणला, त्यात पालापाचोळा आणि शेण भरलं आणि शेजारी बुडाला भोक पाडलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. पाणी द्यायचं ते त्या मडक्यात, उन्हं उतरल्यावर. वरून ओतलेलं पाणी ऊनच पिऊन टाकते, असं तिचं म्हणणं. मातीवर कडुनिंबाची वाळकी पानं अंथरायची, म्हणजे माती भाजत नाही. आज लोक हे पैसे भरून शिकतात, आणि वर मलाच ऐकवतात.

वेल झपाट्यानं वाढला. शिवरात्रीला रुजलेलं रोप रामनवमीला कुंपणाशी पोचलं होतं, आणि त्याची मोठाली पिवळी फुलं पहाटे उघडायला लागली होती. कोहळ्याच्या फुलांत दोन जाती असतात. एकाच्या बुडाशी इवलंसं कोहळं आधीच बसलेलं असतं, दुसरं नुसत्या लांब देठावर उभं असतं. या दुसऱ्याला गावाकडे वांझ फूल म्हणतात आणि खुशाल तोडून त्याची भजी करतात. खरं तर पराग त्याच्यातच असतात, त्याच्यावाचून एकही फळ धरत नाही. पण नावं ठेवणाऱ्यांना एवढी चौकशी करायला वेळ कुठे असतो?

पहिली दोन-चार कोहळी बोटाएवढी झाली, पिवळी पडली आणि गळाली. वेल नवा असला, ऊन चढतं असलं की पहिली फळं अशी जातातच. थोडं थांबायचं असतं. पण पलीकडच्या क्वार्टरमधल्या काकू एका दुपारी कुंपणाशी उभ्या राहून आईशी बोलल्या. बाई स्वभावानं वाईट नव्हत्या, आईची काळजीच होती त्यांना. त्या म्हणाल्या की जिची कूस उजवली नाही तिची नजर कोवळ्या जिवाला बाधते, वेलाचं एक जाऊ द्या, पण तुम्ही आपलं जपा.  खिडकीच्या आत, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या ताटीमागे मावशी तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्या शेजारीच होते. तिचा हात थांबला नाही, म्हणून मला वाटलं तिला ऐकू आलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेलावर निळं लुगडं होतं. चारी बाजूंनी काठ्या रोवून, कडेला विटा ठेवून तिनं सगळा वेल झाकून टाकला होता. उन्हानं पानं करपतात, ती म्हणाली. पाणी द्यायचं काम तिनं माझ्याकडे दिलं आणि त्यानंतर ती अंगणात फिरकेनाशी झाली. तिनं वेल उन्हापासून झाकला नव्हता. स्वतःपासून झाकला होता.

ते दिवस मला अजून झोपेत असल्यासारखे आठवतात. नागपूरचा मे महिना म्हणजे सकाळ उगवते तीच तापलेली. जेवणं उरकली की दारंखिडक्या बंद, घरात संध्याकाळसारखा अंधार, खिडकीला खसाची ताटी आणि तिच्यावर वडिलांनी मारलेलं पाणी. तो ओला, मातकट सुगंध घरभर भरून राहायचा. ताटीला बाहेरून मधमाश्या लगडलेल्या असायच्या. पाणी प्यायला यायच्या त्या. वडील त्यांना हाकलायला उठत, तर आई वडिलांना पुन्हा खाली बसवायची, माश्यांना काय तहान लागत नाही, म्हणायची. त्यांच्या गुणगुणण्यात आम्ही सगळे झोपायचो. आई कुशीवर, हात पोटाखाली घेऊन. मावशी भिंतीकडे तोंड करून. आईचं पोट दिसू लागल्यापासून ती आधी सारखी त्यावर हात ठेवून बघायची. आता तिनं तेही सोडलं होतं.

उन्हं उतरली की मी पाण्याची कळशी घेऊन लुगड्याखाली शिरायची. आत सगळं निळं असायचं. पानं निळसर, माझे हात निळसर, आणि सकाळी उमलून मिटलेली फुलं त्यात दिवे मालवल्यासारखी लोंबत असायची. मला तिथे बसायला फार आवडायचं. पाण्याखाली एखादं गाव असावं आणि त्यात आपण एकटंच राहावं, तसं वाटायचं. आत एक किडा नाही, एक माशी नाही, कसलाही आवाज नाही. त्या शांततेचं मला कौतुक वाटायचं. आणि रोज एखादं बोटाएवढं कोहळं मातीवर गळून पडलेलं सापडायचं. मी ते फ्रॉकच्या खिशात लपवून बाहेर फेकून द्यायची, तरी मावशीला कळायचंच. मग ती लुगड्याच्या कडेला आणखी एक वीट ठेवायची. असं चाललं होतं: फळ जितकं गळे तितका वेल जास्त झाकला जाई.

एका दुपारी आभाळ पिवळं झालं आणि धुळीचं वादळ आलं. ताटी खिडकीसकट थडथडली. वादळ गेल्यावर पाहिलं तर काठ्या आडव्या झालेल्या आणि लुगडं काकूंच्या अंगणातल्या निंबावर, मधोमध फाटलेलं. वडिलांनी ते काढून आणलं. मावशीनं घडी घालून पेटीत ठेवलं आणि मागोमाग आपलं दुसरं लुगडंही त्याच्यावर ठेवलं. आईनं विचारलं हे काय, तेव्हा मावशी म्हणाली, "मले जाऊ दे वं. माही नजर वेलावर पडली तेवढी पुरे झाली."

आई खाली बसली आणि रडली. तिनं समजावलं, रागावली, काकूंना बोल लावला. मावशी ऐकेना. बाळंतपणाला अजून वेळ आहे, दुसरी कोणी बोलाव, म्हणाली. एसटीची वेळ विचारून या, असं तिनं वडिलांना सांगितलं. माझे वडील कचेरीतला एक कागद इकडचा तिकडे होऊ न देणारे गृहस्थ. ते रोज संध्याकाळी घरी येऊन म्हणायचे, अरे, आज पुन्हा विसरलो.

त्या उकाड्यात आईला झोप लागत नसे. फटफटलं की ती अंगणात खुर्ची टाकून बसायची, आणि मीही तिच्या पायाशी. वेल आता उघडाच होता. त्याला झाकणारी घरात बसली होती, आणि आईला वाकवत नव्हतं. पहिल्याच सकाळी फुलं उघडली आणि मधमाश्या आल्या. ताटीवर दुपारी यायच्या त्याच असणार. एका फुलात शिरायच्या, पिठाच्या डब्यातून निघाल्यासारख्या पिवळ्या होऊन बाहेर यायच्या आणि पुढच्या फुलात जायच्या. हळूहळू सगळा वेल गुणगुणायला लागला. आई नुसती बघत होती.

आठवडाभरात वेलावर मुठीएवढी कोहळी होती, हिरवी, लवदार, तुकतुकीत. एकही गळालं नाही. तेव्हा आई आत गेली आणि मावशीला हाताला धरून बाहेर घेऊन आली. मावशी उंबऱ्याशीच अडली, मान फिरवून उभी राहिली.

आई म्हणाली, "फळाकडे नको पाहू. माशा पाह्य."

मावशीनं माश्या पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. शेतात उभं आयुष्य गेलेली बाई ती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. इतके दिवस या माश्या ताटीवर पाणी पिऊन परत जात होत्या आणि चार हातांवरची फुलं लुगड्याखाली त्यांची वाट पाहत मिटत होती. ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "गावाले तर मी कधीच नाही झाकला वेल."

"मग इथं काहून झाकला?" आईनं विचारलं.

 उत्तर दोघींनाही ठाऊक होतं.

मावशीची समजूत लगेच पटली असं मी म्हणणार नाही. ती जिद्दीची होती, तिनं परीक्षाच घेतली. रोज सकाळी वेलासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि एकेका कोहळ्याकडे मुद्दाम टक लावून बघायची. कोहळी आपली वाढत होती. मग तिनं अंगण हाती घेतलं. पश्चिमेकडून तेवढा गोणपाटाचा आडोसा लावायची, तोही ऊन चढल्यावर, आणि संध्याकाळी काढून टाकायची. कोथिंबिरीचे वाफे फुलावर जाऊ दिले. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची मला बंदी झाली, कारण माश्यांना त्याच आवडतात. उथळ परातीत खडे घालून तिनं पाणी ठेवलं, म्हणजे माशी खड्यावर बसून पिते, बुडत नाही. काकूंना पहिलं कोहळं तिनं स्वतः नेऊन दिलं, आणि त्या कोहळ्याकडे बघत बघतच दिलं, असं ती नंतर आईला हसून सांगत होती. पेटीतली लुगडी परत दोरीवर आली. वडिलांना एसटीची वेळ अखेर आठवली, तेव्हा ती कुणालाच नको होती.

पण आईच्या पोटाकडे मात्र ती बघत नव्हती. वेल वेगळा, लेकरू वेगळं. रात्री आईच्या पायाला तेल लावायची तेव्हाही मान खालीच असायची. आईला ते दिसत होतं, मलाही दिसत होतं. त्याला कोणतीच माशी उपयोगी पडणार नव्हती.

पाऊस यायच्या आधी आई दवाखान्यात गेली. वडील मला घेऊन पोचले तेव्हा बाळंतपण होऊन गेलं होतं. लांबच्या लांब खोली, ओळीनं खाटा, वर हळूहळू फिरणारे पंखे. मावशी आईच्या उशाशी उभी होती, रात्रभर तिनंच सगळं केलं होतं. परिचारिका कपड्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली आणि वडील पुढे झाले. मावशी सवयीनं मागे सरकली, खिडकीकडे वळली आणि बाहेर काहीतरी बघायला लागली. बाहेर नुसती भिंत होती.

आईनं हात वर करून वडिलांना थांबवलं. तिच्यात बोलायचं त्राण नव्हतं, तरी मावशीला म्हणाली,

"बाई, इकडे पाह्य. आधी तू पाह्य."

मावशी वळेना. वडील एक पाऊल मागे आले आणि परिचारिकेला म्हणाले, त्यांच्याजवळ द्या. तिला काय कळणार, तिनं बाळ सरळ मावशीच्या हातात ठेवलं. हातात आल्यावर मावशीला खाली बघावंच लागलं. माझी बहीण डोळे उघडून तिच्याकडेच बघत होती.

मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. तशीच ती बघत राहिली. मग नाक ओढून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणाली, "गोरीबिरी काही नाही वं. आपल्यावानीच आहे."

आई हसायला लागली, दुखतंय, दुखतंय म्हणत हसतच राहिली.