गोडबोल्यांच्या पिझ्झ्यातलं हॅम

वर्ष चौऱ्याण्णव होतं की शहाण्णव, आता खात्री देता येत नाही. सौ. म्हणते, "तुमच्या आठवणींत निम्मं तुम्हीच घालता." असेलही. पण कुवेतमध्ये, अबू हलीफाच्या आमच्या फ्लॅटमध्ये, फ्रिजमागे पिझ्झ्याचे रिकामे खोके साठायचे. एकही टाकवत नसे. हे किस्से तसेच साठलेत.

दर शुक्रवारी दुपारी गोडबोले कुटुंब आमच्याकडे यायचं आणि खालच्या दुकानातून पिझ्झा यायचा. भाजणारे दिलावरभाई रत्नागिरीचे, त्यामुळे ऑर्डर मराठीत!

*

पहिल्या शुक्रवारी आम्ही दुकानातच गेलो. गोडबोल्यांनी मेनूवर बोट ठेवलं: 'क्लासिक हॅम अँड मशरूम.'

"दिलावरभाई, या देशात डुकराला बंदी. मग हे हॅम कुणाचं?"

"तुम्हाला टर्कीचं लावतो, साहेब. पक्षी आहे."

गोडबोले कोंबडी खायचे, पण बीफ खाणार नाही असा आईला शब्द देऊन आले होते. ते माझ्याकडे वळले. "डॉक्टर, तुम्ही केमिस्ट्रीतले पीएच.डी. चाखून सांगा!"

मी चाखलं आणि ठामपणे म्हणालो, "टर्कीच!"

टर्की मी तोपर्यंत चित्रातसुद्धा नीट पाहिलेली नव्हती.

*

सुधाताई, म्हणजे सौ. गोडबोले, पक्क्या शाकाहारी. त्यांनी एकदा मशरूम काट्यावर धरून विचारलं, "डॉक्टर, हे झाड नाही, प्राणी नाही. मग मी खाऊ का नको?"

मी बुरशीवर्गाबद्दल वीस मिनिटं बोललो. तेवढ्यात पिझ्झा संपला.

"पुढच्या वेळी," सुधाताई म्हणाल्या, "आधी उत्तर, मग शास्त्र!"

*

त्यांच्या गार्गीला शाळेत प्रोजेक्ट होता: पिझ्झ्याचा उगम. गोडबोल्यांनी तिला नेपल्सची बंदरवस्ती, गरिबांचं स्वस्त खाणं, अमेरिकेत गेलेले इटालियन, सगळं समजावलं. मी मध्येच म्हणालो, "पण भाकरीवर काहीतरी ठेवून खाणं त्याहून जुनं असणार, नाही का?" मग दोन तास वाद.

गार्गीने शांतपणे लिहिलं, 'पिझ्झा वॉज इन्व्हेंटेड बाय दिलावर अंकल, अबू हलीफा.'

शाळेतून चिठ्ठी आली, पालकांनी भेटावे. गोडबोले नेपल्सचे सगळे पुरावे घेऊन गेले. बाईंनी ते ऐकून घेतले आणि विचारलं, "या अंकलचं दुकान नक्की कुठे आहे?"

*

पुढे एकदा कंपनीच्या कामाने अर्दियाच्या गोदामांकडे गेलो होतो. आमच्या त्याच दुकानाच्या नावाचा एक खोका ट्रकमध्ये चढत होता. त्यावर लिहिलं होतं, 'बीफ हॅम'.

मी कुणाला बोललो नाही. दिलावरभाईंनाही विचारलं नाही. विचारलं आणि ते 'हो' म्हणाले तर? त्यानंतर दर शुक्रवारी मी गोडबोल्यांचा प्रत्येक घास मोजू लागलो.

शेवटी ते वैतागले. "डॉक्टर, माझ्या स्लाइसवर इतका डोळा असेल तर घ्या बुवा!" आणि त्यांनी ती माझ्या ताटात टाकली.

वर्षभरात माझं वजन सहा किलोंनी वाढलं.

*

भारतात परत आल्यावर बऱ्याच वर्षांनी गोडबोल्यांची सत्तरी झाली. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "आईला दिलेला शब्द मी कुवेतमध्येसुद्धा मोडला नाही. साक्षीदार, आमचे डॉक्टर!"

टाळ्या. मी हातातला पेढा बशीत परत ठेवला. पुढच्याच आठवड्यात मी रत्नागिरीची एसटी धरली.

दिलावरभाई कधीच कुवेत सोडून गावी परतले होते; अंगणातच भेटले. भाभींनी फणसाची सांदणं आणली. मी हात न लावता विचारलं, "दिलावरभाई, ते हॅम... खरं सांगा. अर्दियात मी खोका पाहिला होता."

"आणि इतकी वर्षं पोटात ठेवलंत? अहो, विचारायचं की तेव्हाच!"

सांदणं दुकानातल्या पिझ्झा भाजायच्या एका काळपटलेल्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये होती. दिलावरभाईंनी ती सगळी माझ्या बशीत काढली आणि ट्रे उलटा करून माझ्या हातात दिला. तळाला खिळ्याने कोरलेलं होतं. आधी अरबीत, मग इंग्रजीत आणि सगळ्यात खाली मराठीत:

'शुक्रवार. डॉक्टर पार्टी. याला बीफ लावू नये.'