दोन रेघांचा दगड

रविवार, १७ ऑगस्ट १९७५. सकाळच्या एस.टी.ने मंद्रूप, पुढे बैलगाडीने वाडीवर. सोबत सावित्रम्मा. घळ राखणारा ईरप्पा भेटला. पाणी नाही म्हणतो. आभाळाकडे एकदाही पाहिले नाही. संध्याकाळी दगडावर विभूतीच्या दोनच रेघा ओढल्या. माणूस काहीतरी लपवतो आहे. दिवसभर उकाडा, इथे थेंब नाही.

एवढे लिहून दाक्षायणीबाईंनी पेनाला टोपण लावले. सोलापुराहून त्यांच्या गल्लीतल्या अकरा बायका दुसऱ्या दिवशी, श्रावणी सोमवारी, टेंपोने येणार होत्या. घळीच्या शेवटी महादेवाची पिंड होती. तिथवर अर्धा तास चालायचे, तेही अशा चिंचोळ्या वाटेने की हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटे टेकावीत. आत असताना पाणी आले तर वर चढायला जागा नाही. बायकांच्या घरचे कुरकुरत होते. तेव्हा दाक्षायणीबाई म्हणाल्या होत्या, "मी आदल्या दिवशी जाऊन पाणी बघते. माझ्या शब्दाशिवाय कुणी आत पाऊल टाकणार नाही." त्यांचा शब्द म्हणून अकरा घरांनी होकार दिला होता.

आणि आता तो शब्द या ईरप्पावर टेकला होता.

ईरप्पा साठीचा. ऐन तरुणपणी तो सोलापूरच्या एका गिरणीत साच्यावर कापड विणायला होता. तिथे उजव्या हाताचे अनामिकेचे बोट गेले आणि तो वाडीवर परतला. पुढे एका श्रावणात घळीत दोन बायका वाहून गेल्या. त्या वर्षापासून तो घळीच्या तोंडाशी बसू लागला. कुणी नेमले नव्हते, पण वाडी त्याला विचारल्याशिवाय आत जाईना. त्याची रीत साधी होती. पाऊस इथे पडत नसे. तो पडे वर, कोसभर लांब, आणि दुष्काळी कामावर बांधलेला तिथला तलाव भरला की सांडव्याचे पाणी घळीत उतरे. तासाभरात येऊन ओसरून जाई, आणि खालची वाळू तर सदाच ओली, म्हणून मागे काही कळत नसे. तेव्हा ईरप्पा संध्याकाळी कपारीखालच्या काळ्या दगडावर, घोट्याच्या उंचीवर, विभूती ओढून ठेवी. कपारीमुळे पावसाची झड तिथे पोचत नसे. सकाळी रेघा जाग्यावर असल्या तर पाणी आले नाही. पुसल्या असल्या तर तलाव भरला, आणि मग चार दिवस कुणी आत जायचे नाही. सतरा वर्षांत एकही माणूस गेला नव्हता.

हे सगळे त्याच्या सुनेने, दगडाबाईने, सावित्रम्मा बेल तोडायला गेली असताना सांगितले. दाक्षायणीबाईंनी ते लिहून घेतले, पण शंका गेली नाही. त्यांनी चहाचा कप पुढे केला तेव्हा ईरप्पाचा हात कपाच्या शेजारून गेला, आणि "माशी लई झाल्यात" म्हणत त्याने तो तसाच हवेत फिरवला. माशी एकही नव्हती. तो दारू पितो की काय, असे त्यांच्या मनात आले. वास मात्र आला नाही. त्याने सून समजून सावित्रम्माला दोनदा "दगडाबाई" अशी हाक मारली, तेही त्यांनी टिपून ठेवले.

"अक्का, तुम्ही लग्नात अक्षतासुद्धा मोजून टाकल्या असतील," सावित्रम्मा म्हणाली. ती त्यांची धाकटी जाऊ. पन्नाशी उलटली तरी दगड दिसला की हात जोडणारी.

सकाळी आठाला टेंपो आला. बायका नवी लुगडी नेसून, बेल आणि भाकऱ्यांची गाठोडी घेऊन उतरल्या. ईरप्पा कपारीपासून दहा पावलांवर उभा राहिला, डोळे बारीक केले, आणि हात हलवून म्हणाला, "पांढरं हाय की. जावा खुशाल."

बायका निघाल्याच. दाक्षायणीबाईंनी छत्री आडवी धरून त्यांना अडवले. हा जवळ का गेला नाही? लांबूनच का बघतो? त्या स्वतः वाकल्या. रेघा होत्या, ठळक होत्या, फार ठळक. त्यांनी त्या मोजल्या, मग डायरी काढून कालचे पान वाचले, आणि पुन्हा मोजल्या.

"ईरप्पा, काल तुम्ही किती रेघा ओढल्या?"

"दोन. तिसरी मला येतच न्हाय," त्याने उजवा हात वर केला.

"इथे तीन आहेत."

ईरप्पा पुढे आला. नाक दगडाला लागेल इतका वाकला आणि रेघांवरून एक-एक बोट फिरवले. तिसऱ्या रेघेवर बोट थांबले.

मागून सावित्रम्मा हळूच बोलली. पहाटे ती अंघोळीला घळीच्या तोंडाजवळच्या ओढ्यावर आली होती. सोमवार, आणि देवाचा दगड उघडाबोडका. कमरेच्या पिशवीतली विभूती काढून तिने तीन बोटांनी लावली, नमस्कार केला. "मला काय ठाऊक, अक्का, ते पाण्याचं माप आहे म्हणून. देवच वाटला."

"दगड कोरडा होता का?" दाक्षायणीबाईंनी विचारले.

"नाही. ओलसर होता."

ईरप्पा खाली बसला. "पाणी येऊन गेलंय," तो म्हणाला. "वरचा तलाव भरला. आता आत कुणी जायचं न्हाय."

बायका कुरकुरल्या. इतक्या लांबून आलो, आभाळ तर निरभ्र आहे, एका रेघेवरून माघारी फिरायचे का? दाक्षायणीबाईंचाही ईरप्पावर अजून पुरता विश्वास नव्हता, पण अविश्वासाने माणूस थांबतोच, जात नाही. दुपारपर्यंत सगळ्या बाभळीखाली बसल्या. सव्वाअकराला आधी ओल्या मातीचा वास आला, मग घळीतून घुमल्यासारखा आवाज, आणि लाल पाणी बाहेर पडले. तोंडाशी, जिथे जागा रुंद होती, तिथे ते गुडघाभर होते. आत भिंतींवर फेसाची ओल माणसाच्या डोक्यावर गेली होती. एक बाई हातातला बेल मोडत राहिली.

ईरप्पा दाक्षायणीबाईंजवळ येऊन बसला. "दोन वर्सं झाली, बाईसाहेब. पांढरं दिसतंय, रेघ दिसत न्हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर दगड दुसऱ्याला दिला असता. मी कशाला उरलो मग हितं?"

त्यांना राग आला होता. तो बाहेर काढण्याऐवजी त्या दगडाबाईला घेऊन कपारीपासून दहा पावलांवर गेल्या, आपली बोटे वर केली आणि किती ते विचारले. चार वेळा विचारले. चारही वेळा बरोबर. मग त्यांनी बायकांसमोर ईरप्पाकडून वदवून घेतले, की संध्याकाळी रेघा तो ओढील आणि सकाळी जवळ जाऊन सून मोजील. तो मान हलवून हो म्हणाला. दाक्षायणीबाईंनी ते पुन्हा तोंडाने म्हणायला लावले.

"व्हय," ईरप्पा म्हणाला. "ती मोजंल. मी ओढीन."

सावित्रम्मा टेंपोत बसेपर्यंत रडत होती. दाक्षायणीबाईंनी तिला जवळ बसवून घेतले. विभूतीची पिशवी मात्र काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

घरी पोचल्यावर त्यांनी दिवसाची हकिगत सबंध पानभर लिहिली. शेवटची ओळ अशी: कडक भाकऱ्या चोवीस परत आल्या, उद्या कुस्करून फोडणीला घालणे, शेंगाची चटणी संपली.