बिनकरंट डॉक्टर

तारेचा फास आवळताना माझ्या त्या सहकारी डॉक्टरचा पाय कधी पेडलवर नसायचा. मोठ्या आतड्यात आतून मांसाचे बारीक कोंब उगवतात. राहू दिले तर काहींचा पुढे कॅन्सर होतो. दुर्बीण घालून आम्ही सगळे डॉक्टर ते फासात धरायचो, पेडल दाबून करंट द्यायचो आणि जाळून कापायचो. हा मात्र लहान कोंब नुसता आवळून कापायचा. रक्ताचे चार थेंब यायचे, आपोआप थांबायचे. मीच कुत्सितपणे त्याचं नाव 'बिनकरंट' ठेवलं. नाव रुजलं, पण लोक ते प्रेमाने घ्यायला लागले.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाशकातल्या एकाच रुग्णालयात आम्ही दोघं दुर्बिणीची कामं करायचो. माझा स्वतःचा दवाखाना गंगापूर रोडला, काचेच्या दाराचा. त्याचा नाशिक रोडला, जिना चढताना डोकं आपटेल असा. तरी रांग त्या जिन्यावर. सरळच सांगतो, मी जळायचो. घरी बायकोने त्याचं नाव काढलं तरी मला आमटी खारट लागायची.

"जाळलेली जखम आधी गप्प बसते, आठवड्याने खपली निघाली की बोलते," तो म्हणायचा.

"माझा एक तरी पेशंट परत आलेला दाखव," मी म्हणायचो.

"आला नाही म्हणजे बरा झाला, हे तुला कोणी सांगितलं?"

शेवटी कोणाचं खरं ते तपासायला त्याने रुग्णालयाची परवानगी काढली. पेशंटला नीट समजावून, तो हो म्हणाला तरच सिस्टरने डब्यातून चिठ्ठी काढायची: करंट की बिनकरंट. मग पंधरा दिवस एक दिवसाआड फोन करून रक्त पडलं का विचारायचं आणि वहीत लिहायचं. त्याला हरवायला म्हणून मीही सामील झालो. खेड्यातल्या पेशंटकडे फोन नसायचा, तेव्हा हा शेजारच्या किराणा दुकानात फोन लावून माणसाला बोलावून घ्यायचा. गिऱ्हाइकांसमोर शौचाचं कसं बोलणार? म्हणून तो आधीच शिकवून ठेवायचा, "तुम्ही नुसतं हो किंवा नाही म्हणा, बाकी मी विचारतो." मी फोनबिन करत नसे. माझ्या रकान्यात आठवड्याच्या शेवटी एकदम 'त्रास नाही' लिहून टाकायचो.

घोटीच्या एका भातवाल्या शेतकऱ्याला करंटची चिठ्ठी निघाली. मी कोंब जाळून कापला आणि दोन दिवसांनी सहकुटुंब गोव्याला गेलो. परतल्यावर वहीत पाहिलं, तर माझ्या रकान्यात बिनकरंटचं अक्षर: सहाव्या दिवशी रक्तस्राव, बोलावून घेतला, थांबवला.

माझं डोकं सणकलं. "माझ्या पेशंटला हात लावायला तुला कोणी सांगितलं?"

"रकाना रिकामा होता," तो म्हणाला, "म्हणून फोन केला." आणि पुढच्या पेशंटकडे वळला. मला वाटलं, आता हा गावभर करणार. पंधरा दिवस मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

मग तो शेतकरी माझ्या दवाखान्यात आला, पाच किलो इंद्रायणी तांदूळ घेऊन.

"डॉक्टर, तुमच्या दवाखान्यातून फोन आल्ता म्हनून वाचलो. मी लाजंनं घरातच पडून व्हतो, लय रक्त गेलं. तुम्ही पाठवलेलं ते डॉक्टर म्हनले, तुमच्या डॉक्टरांनीच काळजी घ्यायला सांगितलंय."

बिनकरंटने फोन माझ्या नावाने केला होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं. मी तांदूळ ठेवून घेतला.

पुढे वहीने त्याचंच खरं केलं. उशिरा बोललेल्या, म्हणजे रक्त आलेल्या, जखमा बहुतेक जाळलेल्याच होत्या. मीही लहान कोंबांना पेडल सोडलं, गुपचूप, आधी फक्त तो सुट्टीवर असेल त्या दिवशी. काही वर्षांनी तो हृदयविकाराने गेला. शोकसभेत मी त्याच्या साधेपणावर बोललो, वाहवा मिळवली. घोटीचं तेवढं बोललो नाही.

शेतकरी मात्र दर वर्षी भात झोडून झाला की येतो. त्या वर्षीही पिशवी टेबलाखाली ठेवून त्याने विचारलं, "ते दुसरं डॉक्टर दिसलं नाय कुठं?"

"वारले."

"अरारा! भला मानूस." त्याने टोपी काढून हातात धरली. "तुमच्याच हाताखालचं व्हतं ना ते?"

मी "हो" म्हणालो.