युझर्प केलेली खुर्ची

"म्याडम, शब्द असा टाका की जज्जसायबानं वाचताच सुरेशला उठवलं पायजे," अण्णा म्हणाले.

अण्णा मुरगूडजवळच्या एका दूध संस्थेचे चेअरमन. म्हणजे परवापरवापर्यंत होते. बायपाससाठी ते पुण्याला दवाखान्यात असताना व्हाइस चेअरमन सुरेश त्यांच्या खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. गाव आता सुरेशला चेअरमन म्हणतं आणि अण्णांना नुसतं अण्णा. ते दुखणं बायपासपेक्षा मोठं होतं.

मी भाषांतरकार. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून माझं काम वाढलंय, कारण तिथले कागद इंग्रजीत लागतात. अण्णांच्या वकिलांनी त्यांचं मराठी प्रतिज्ञापत्र माझ्याकडे धाडलं होतं. त्यात वाक्य होतं, 'सुरेशने माझे चेअरमनपद बळकावले.' वकिलांनी फोनवर शब्दही सुचवला: युझर्प.

शब्द चांगला आहे. पण मराठीत आपण काहीही बळकावतो. प्लॉट, एसटीतली सीट, शेजाऱ्याचं पार्किंग. युझर्प इतका सैल नाही. तो मुख्यतः सत्ता, पद आणि अधिकार यांसाठी. त्यात दोन गोष्टी धरलेल्या असतात. ज्यानं घेतलं त्याला हक्क नव्हता, आणि ज्याचं गेलं त्याला होता. राजाच्या मुलाला बाजूला सारून सेनापती गादीवर बसला, तर युझर्प. मतं मिळवून बसला, तर नाही.

म्हणून मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला चेअरमन कुणी केलं?"

"कोन कशाला करतंय? मीच झालो."

मग रीत कळली. संस्थेत मतदान कधी झालेलंच नाही. वार्षिक सभेत देवाच्या फोटोपुढं जो नारळ फोडेल तो चेअरमन. 'बिनविरोध निवड' असं सेक्रेटरी नंतर लिहून टाकतो. अण्णांच्या आधी त्यांचे चुलतभाऊ आबा चेअरमन होते. ते काशीला गेले त्या वर्षी नारळ अण्णांनी फोडला. आबा गंगाजल घेऊन परतले, तेव्हा अण्णांनी खुर्चीत बसूनच त्यांच्याकडून तीर्थ घेतलं.

"मग सुरेशनं वेगळं काय केलं?"

"त्येनंबी नारळच फोडला. पर मी दवाखान्यात हुतो की. आबा हिंडाय गेलतं."

समोरचा वकील हेच काढणार, असं मी सांगितलं. त्यावर अण्णांनी सुरेशला लागू पडेल आणि त्यांना पडणार नाही असा शब्द मागितला. एवढ्या डिक्शनऱ्या ठेवल्यात, एखादा असेलच, म्हणाले. तसा शब्द इंग्रजीत नाही. मराठीत असता तर गावागावांत झिजून गेला असता.

पण भाषांतरकारानं न्यायाधीश व्हायचं नसतं. मूळ कागदात आरोप आहे, तो तसाच पुढं गेला पाहिजे. मी युझर्प लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

कोर्टात आबांचा विषय निघालाच. दोघांची निवड कशी झाली, असं कोर्टानं विचारलं. नारळाबद्दल कुठलाच वकील बोलेना. मग सभासदांचं मतदान घ्यायला सांगावं लागेल, असं म्हणून कोर्टानं पुढची तारीख दिली.

तारखेच्या आधीच अण्णा माझ्या ऑफिसात आले. सोबत सुरेश. अर्ज मागं घ्यायचा होता, त्याचं इंग्रजी करून हवं होतं.

"इलेक्शन लागलं तर आमी दोगंबी घरात बसतूय," सुरेश म्हणाला. "निम्म्यावर सभासद बायका हाईत, म्याडम. त्यास्नी इचारलं तर त्या काय आमास्नी निवडतील व्हय?"

तोडगा निघाला होता. एक वर्ष अण्णा, एक वर्ष सुरेश. नारळ दोघांनी एकदम धरायचा.

"आणि आबा?"

"त्येंचा सत्कार ठेवलाय की," अण्णा म्हणाले.

'वाद सामोपचाराने मिटला आहे' याला इंग्रजीत तयार वाक्य आहे, ते मी घातलं. यंदाची पाळी अण्णांची. फोन उचलला की ते आता 'चेअरमन बोलतोय' म्हणतात.

खुर्ची कुणी घेतली, या प्रश्नावर माणसं हायकोर्टापर्यंत भांडतात. ती मुळात कुणाची, असं विचारलं की तडजोड लगेच होते.